लाल दिव्याची हिरवी सावली

रंगांच्या बाबतीत मी वर्षानुवर्षं कट्टर न्यूटनपंथी होतो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने दुसरं काय असावं? सूर्यप्रकाश लोलकातून गेला की रंगांचा पट्टा उलगडतो. त्यातला एकच रंग वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून नेला, तर तो आणखी फुटत नाही. म्हणजे रंग मुळातच प्रकाशात असतात, विषय संपला. मग फळ्यावर तरंगलांबीचा तक्ता काढायचा, ७०० नॅनोमीटरपाशी तांबडा, ४०० पाशी जांभळा, आणि पोरांकडून ‘तानापिहिनिपाजा’ घोकून घ्यायचं. जर्मन कवी गटेने न्यूटनला खोटं पाडायला जाडजूड ग्रंथ लिहिला होता, हे मी वर्गात विनोद म्हणून सांगत असे. शाकुंतलावर चार ओळी लिहिल्या म्हणून आपल्याकडे त्याचं केवढं कौतुक. पण कवी प्रयोगशाळेत लुडबुडला की काय होतं बघा, असा माझा सूर.

किस्साही तसा हसण्यासारखाच. गटेने येनाच्या ब्युटनर नावाच्या गृहस्थांकडून लोलक उसने आणले आणि तसेच ठेवून दिले. परत करण्याचा तगादा लागला तेव्हा एकदा डोळ्याला लावून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीच! रंग दिसले ते फक्त कडांना, खिडकीच्या गजांपाशी. झालं, न्यूटन चुकला असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. खरं तर भिंतीच्या प्रत्येक बिंदूचा पट्टा शेजारच्या बिंदूच्या पट्ट्यावर चढतो आणि सगळं मिळून पुन्हा पांढरं होतं. काळं-पांढरं जिथे एकमेकांना भिडतं तिथेच ही बेरीज अपुरी राहते. अकरावीतलं पोरही हे समजावून सांगेल. तरी गटेने १८१० साली आपला रंगविषयक ग्रंथ छापला, आणि म्हातारपणी कवितांपेक्षा आपल्याला त्याचाच अभिमान जास्त वाटतो असं तो सांगत राहिला.

माझी खात्री डळमळली ती एका फुटकळ प्रयोगाने. डिसेंबर १७७७ मध्ये हार्त्स पर्वतातलं ब्रोकेन शिखर उतरताना बर्फावरच्या सावल्या दिवसा जांभळट आणि सूर्य बुडताना हिरव्या दिसल्या, असं गटेने लिहिलंय. हिरव्या सावल्या ही मला कविकल्पना वाटली, आणि तसं दाखवून देण्याच्या खुमखुमीने मी दोन टॉर्च घेऊन बसलो. एकीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद, वर रबरबँड. खोलीत अंधार. दोन्ही झोत एकाच पांढऱ्या पुठ्ठ्यावर, आणि मध्ये पेन्सिल. सावल्या दोन पडल्या. एक लाल; ते बरोबरच होतं, कारण तिथे पांढरा झोत अडला होता. दुसऱ्या सावलीत लाल झोत अडलेला, फक्त पांढरा पोहोचणारा. माझ्या हिशेबाने ती पांढरट, फार तर करडी दिसायला हवी होती. ती हिरवी होती. शेवाळासारखी, नीट हिरवी. खोलीत हिरवा दिवा नाही, हिरवा कागद नाही. मग वहीचं पान गुंडाळून नळी केली आणि एका डोळ्याने फक्त तेवढीच सावली पाहिली, तर हिरवा उतरला. ही नळीची युक्ती शास्त्रज्ञ काउंट रम्फर्डने कधीच केली होती आणि त्याचा वृत्तांत १७९४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापूनही आला होता. मला त्याचा पत्ता नव्हता.

आधीचा मी याला ‘दृष्टिभ्रम’ म्हणून मोकळा झालो असतो. पण लाल आणि हिरवी अशा दोन सावल्या शेजारी शेजारी पडलेल्या असताना एकीला खरी आणि दुसरीला भ्रम म्हणायला माझी जीभ रेटेना. गटेने तर आपला ग्रंथ असल्याच रंगांपासून सुरू केला होता. हे निरोगी डोळ्याचं रोजचं काम आहे, त्याला आजार समजू नका, असा त्याचा आग्रह होता.

हा प्रश्न कवीपुरता नव्हता, तर थेट धंद्याचा होता, हे मला शेव्हरलमुळे कळलं. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणत. तक्रार अशी की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छटांमध्ये वापरलेल्या काळ्या लोकरीला जोर नाही, ती फिकट वाटते. त्याने इतर कारखान्यांची काळी लोकर मागवून ताडून पाहिली. गोब्लँची लोकर काही कमी नव्हती. काळ्याच्या शेजारी निळा आला की निळ्याचा विरोधी नारिंगी काळ्यावर चढतो आणि काळा विटका दिसतो. दोष रंगाऱ्याचा नव्हता, शेजाराचा होता. यावर त्याने १८३९ साली ग्रंथ काढला, आणि पुढे स्यूरासारख्या चित्रकारांनी त्यातून आपलं बिंदूंचं तंत्र उभं केलं. साडीवर ब्लाउजपीस ठेवून पाहिल्याशिवाय जी बाई पैसे देत नाही, तिला शेव्हरल वाचायची गरज नाही. मला होती.

मग लाजत लाजत पुन्हा न्यूटनकडे गेलो. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्याने स्वच्छ म्हटलंय की किरण स्वतः रंगीत नसतात, त्यांच्यात फक्त विशिष्ट रंगाची जाणीव जागवायची शक्ती असते. इतकी वर्षं मी न्यूटनच्या नावाने जे शिकवत होतो, ते न्यूटनचं नव्हतंच! आणि ते सात रंग? त्याने आधी पाचच मोजले होते. नारिंगी आणि पारवा नंतर आले, सप्तसुरांशी मेळ बसवण्यासाठी. पारवा मला तरी इंद्रधनुष्यात कधी सुटा दाखवता आलेला नाही.

राहिलेला संशय पोलरॉइडवाल्या एडविन लँडने घालवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने रंगीत कागदांचे तुकडे जोडून केलेल्या फलकावर तीन प्रक्षेपकांचा प्रकाश टाकला. आधी एका तुकड्याकडून येणारा प्रकाश मोजला, मग प्रक्षेपकांची तीव्रता अशी बदलली की वेगळ्या रंगाच्या तुकड्याकडूनही मोजून तोच, तेवढाच प्रकाश यावा. मापन सारखं, तरी पाहणाऱ्याला दुसरा तुकडा आपल्या मूळ रंगाचाच दिसत राहिला. डोळा आणि मेंदू एकट्या तुकड्याचा प्रकाश मोजत नाहीत, सगळ्या फलकाचा अंदाज घेऊन रंग ठरवतात. यावर मी काय वाद घालणार!

म्हणून मी गटेला डोक्यावर घेतलेलं नाही. पांढरा प्रकाश मिश्र नाही हे त्याचं म्हणणं साफ चूक आहे, आणि न्यूटनवरची त्याची आगपाखड वाचवत नाही. पिवळा मनाला उल्हास देतो, निळा थंडावा देतो, अशी प्रकरणं आली की मी अजूनही पानं उलटतो. इंग्रज चित्रकार टर्नरने मात्र १८४३ मध्ये प्रलयानंतरच्या सकाळचं चित्र काढलं आणि त्याच्या शीर्षकात गटेच्या सिद्धांताचं नाव घातलं. पण टर्नरला कुठल्याही सिद्धांतातून चित्र काढून घेता येत होतं, चुकीच्यातूनसुद्धा.