सैल झालेली शेगडी

सीमेच्या अलीकडील आणि पलीकडील मराठी मंडळींच्या भेटीगाठींसाठी आम्ही व आमच्या काही स्नेह्यांनी मिळून एक जुनी व्हॅन घेतलेली आहे. मागची बाकडी काढून तेथे फळीचा ओटा केला, ओट्यावर दोन बर्नरची गॅसची शेगडी स्क्रूने घट्ट बसविली आणि खाली पाच किलोचा सिलिंडर पट्ट्याने उभा बांधला. वाटेत कोठेही चहा, पोहे, पिठलं-भात होतो आणि जेवता जेवता पुढच्या गावच्या बैठकीचे बोलणेही होते.

गेल्या हिवाळ्यात गोव्याहून परतताना साखळी मागे टाकून चोर्ला घाट चढू लागलो, तेव्हा मागून खडखडाट ऐकू येऊ लागला. रस्ता खड्ड्यांचा असल्यामुळे आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाजवळ, गाडी थांबविली. सिलिंडर उघडला, शेगडीची चावी अद्याप फिरवायची होती, आणि आम्ही काडेपेटी हातात घेतली. तेवढ्यात बाहेर उभ्या असलेल्या वहिनी ओरडल्या, "भावजी, काडी ओढू नकासा! वास यायलाय!"

आमचे नाक सर्दीने बंद होते. वहिनींनीच पुढे होऊन सिलिंडर बंद केला आणि आम्हांस बाहेर काढले. या वायूला स्वतःचा असा उग्र वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मिसळतात. शिवाय तो हवेहून जड, म्हणजे खिडक्या उघडल्या तरी गाडीच्या तळाशी साचून राहणारा. सगळी दारे सताड उघडून आम्ही अर्धा तास रस्त्याकडेला बसलो आणि चहा समोरच्या टपरीवर घेतला. पाच माणसांची गाडी आणि एक काडी, एवढेच अंतर उरले होते. त्या चहाची चव अजून जिभेवरून गेलेली नाही.

पुढच्या रविवारी घरी शेगडी उलटी केली. शेगडीच्या तोटीवर रबरी नळी आवळून धरणारी पट्टी सैल होऊन मागे सरकली होती, गळती तेथेच. आतला बर्नरचा पाइप धरणारे दोन स्क्रू ढिले पडून पाइप तोटीसमोरून बाजूला गेला होता. एका बाजूची जाळी नुसती ठेवल्यासारखी झाली होती, आणि फळीवरच्या चार स्क्रूंपैकी एक बेपत्ता होता. पट्टी नव्या नळीसह बसविली. मग पाइपच्या स्क्रूकडे वळलो. कणकुंबीचे भय मनात होते, त्यामुळे एवढा जोर लावला की स्क्रू आधी घट्ट झाला आणि मग अचानक नुसताच फिरू लागला.

शेगडी काखोटीस मारून आम्ही बेळगावातील एका मेस्त्रीकडे गेलो. मेस्त्री कानडी, वय आमच्याहून थोडे कमी. आम्ही सांगू लागलो, "तो आतला पार्ट आहे ना, त्याचा जो बारीक पार्ट, तो फिट होत नाही." तीस वर्षे ज्यांनी कोर्टात आणि कोर्टाबाहेर मराठीचा कैवार घेतला, त्यांच्या तोंडून एका वाक्यात दोनदा 'पार्ट' निघाला आणि नेमके काय बिघडले ते मात्र निघाले नाही. मेस्त्रींनी स्क्रू बोटाने फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "आटे गेलेत, साहेब. लई आवळलासा."

आटे! आमचे आजोबा मोटेचे सामान दुरुस्त करीत तेव्हाचा हा शब्द. तो आम्हांस ठाऊक होता. पण वेळेवर ओठांवर आला नाही. मेस्त्रींना विचारले तेव्हा कळले की त्यांनी हे काम एका मराठी वस्तादाच्या हाताखाली शिकले. हत्यारांसोबत शब्दही घेतले, ते तसेच वापरात ठेवले.

त्यांनी भोकाला थोडे मोठे, नवे आटे पाडले. पाइप अॅल्युमिनियमचा, स्क्रू पोलादाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून रोजच्या तापण्या-निवण्यानेच जोड सैल होतो, त्यात आमची गाडी. नायलॉनचा नट बसवावा, किंवा आट्यांना डिंकासारखे चिकटद्रव्य लावावे, असे आम्ही सुचविले. दोन्ही त्यांनी नाकारले: आचेजवळ नायलॉन मऊ पडते, चिकटद्रव्यही पकड सोडते. त्यांनी स्प्रिंगचे वॉशर घातले. सगळे स्क्रू आधी हाताने दोन-दोन आटे बसविले, मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळले, आणि हाताला अडल्यासारखे वाटताच थांबले. शेवटी सिलिंडर जोडून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले. बुडबुडा आला नाही. ज्योत निळी लागली.

काम चालू असताना ते एकदा म्हणाले, "पट्टी सडिल आहे, ती बघा." सडिल, ढिला आणि आमचे 'सढळ हाताने' यातले सढळ, हे सारे 'शिथिल' या एकाच शब्दाच्या कुळातले. आमचे भांडण कन्नड भाषेशी कधीच नव्हते, हे आम्ही सभांतून सांगत आलो. त्या दुकानात ते आम्हांस नव्याने पटले.

'शेगडी' या शब्दाचे मूळही मौजेचे आहे. संस्कृतात अंगारशकटी म्हणजे चाकांवरून हलविता येणारी निखाऱ्यांची गाडी. शकटी म्हणजे लहान गाडी. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या नावातली मातीची गाडी तीच. वडोदऱ्याच्या मंडळींच्या कानावर रोज पडणारी गुजराती 'सगडी' ही तिची सख्खी बहीण. म्हणजे आम्ही गाडीत शेगडी बसविली असे समजत होतो, ती मुळातच गाडी होती. वडोदऱ्याचे आमचे एक स्नेही स्क्रू फिरविण्याच्या हत्याराला 'डिसमिस' म्हणतात. पहिल्यांदा त्यांनी "जरा डिसमिस द्या" म्हटले तेव्हा आमच्या काळजात धस्स झाले. 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला सीमाप्रश्नाचा दावा ज्यांच्या मनात सदैव असतो, त्यांना तो शब्द ऐकवत नाही.

आमचा आग्रह शुद्धीचा नाही. स्क्रूला कोणी मळसूत्र म्हणावे असे आम्ही म्हणणार नाही. चावी पोर्तुगिजांकडून आली, नट-वॉशर इंग्रजांकडून. ती आपली झाली. चिंता आहे ती 'पार्ट' या शब्दाची, कारण तो कशाचेच नाव नाही. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली दाखविले की बोल्ट सैल करण्यात सर्वांत मोठा वाटा आडव्या, बारीक सरकीचा असतो. त्याच्या आसेच्या दिशेने बसणारे ताण-झटके तेवढे घातक नसतात. सीमाभागात 1956 पासून मोठे धक्के पुष्कळ बसले. त्यांना आम्ही मोर्चे काढून, दावे लढवून उत्तर दिले. स्वयंपाकघरातल्या, कारखान्यातल्या शब्दांची ही बारीक सरक मात्र आमच्या ध्यानात आली नाही. आणि ध्यानात आल्यावर एकदम सगळा जोर लावण्याचा मोह होतो. त्याने काय होते तेही आम्ही पाहिले आहे.

आता गाडी निघण्यापूर्वी सिलिंडर बंद आहे ना ते पाहतो. मुक्कामी पोहोचल्यावर साबणाचे पाणी लावल्याशिवाय काडी ओढत नाही. सोबतच्या पोरांना प्रत्येक भागाचे नाव विचारतो: तोटी, नळी, जाळी, चावी, आटे. वहीत एक पान त्यासाठी राखून ठेवले आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या वाचकांनी आपल्या घरी शेगडीच्या भागांना काय म्हणतात ते अवश्य कळवावे. आमच्या वहीत पाइपच्या त्या बारीक स्क्रूसमोरची जागा अद्याप रिकामी आहे.