ओट्याखालची मंडई

लहान मुलांच्या हाती कॅमेरा देऊ नये, या मताचा मी होतो आणि ते मत नातेवाइकांत बरंच मिरवलंही आहे. मुलांनी आधी नुसत्या डोळ्यांनी बघावं. कॅमेरा आला की बघणं संपतं, असं माझं म्हणणं. लग्नात, गडावर, गणपतीपुढे वर झालेले मोबाइल पाहिले की ते आणखी पक्कं व्हायचं.

सात वर्षांच्या भाचीला पुण्याच्या मंडईत नेलं, तेव्हा बहिणीच्या आग्रहाखातर घरातला जुना डिजिटल कॅमेरा तिच्या मनगटाला अडकवला. एरवी ही पोरगी बाजारात शिरली की "मामा, घरी कधी जायचं?" सुरू करते. मी तिला मधला अष्टकोनी मनोरा दाखवला, इमारत १८८६ सालची, तेव्हा हिला रे मार्केट म्हणत, वगैरे सांगितलं. तिनं "हं" केलं आणि सरळ उकिडवी बसली. एका गाळ्याच्या ओट्याखाली, पोत्यावर, मांजर झोपलं होतं. त्या ओट्यावरून मी वर्षानुवर्षं मेथी घेत आलोय. खाली कधी वाकलो नव्हतो.

पुढे एका भाजीवाल्या मावशींना तिनं विचारलं, "फोटो काढू?" "थांब गं बाई, पदर नीट करते," म्हणत मावशी हसल्या आणि हिनं तेवढ्यात बटण दाबलं. फोटो हललेला. कोथिंबिरीची जुडी तेवढी स्वच्छ, बाकी नुसतं हसू. मी तो जागच्या जागी डिलीट केला असता. मावशींनी मात्र तो परत परत मागून पाहिला, शेजारणीला दाखवला. घरी कधी जायचं, हे त्या दिवशी मलाच विचारावं लागलं.

मुलांसाठी कॅमेरा ही काही आजची टूम नाही. कोडॅकनं १९०० मध्ये ब्राउनी काढला, पुठ्ठ्याची पेटी, किंमत एक डॉलर, आणि जाहिराती मुलांसाठीच. फ्रान्सच्या जाक आंरी लार्तीगला वडिलांनी लहानपणीच कॅमेरा दिला. त्यानं पोरवयात काढलेले फोटो १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले. हे मला आधीही ठाऊक होतं. अपवाद म्हणून बाजूला सारणं सोयीचं होतं, इतकंच.

मोबाइलला माझा विरोध कायम आहे. त्यात फोटो काढला की लगेच कुणाला तरी पाठवायचा असतो, मग बघणं खरंच संपतं. पण तुमच्या कपाटात एखादा जुना छोटा कॅमेरा पडून असेल, तर बॅटरी चार्ज करा, दोरी पोराच्या मनगटात घाला आणि त्याला पुढे चालू द्या. कशाचा फोटो काढायचा, ते तेवढं सांगू नका.