वाट दाखविणारें यंत्र

दीपनगरच्या वसाहतींत राहणारास वाट चुकण्याचें भय फारसें नसतें. वीजकेंद्राचीं धुराडीं इतकीं उंच आहेत कीं, भुसावळच्या भोंवतालच्या सपाटींत तीं दुरून पाहून घर गांठतां येतें. असें असतां मोटारीच्या कांचेवर वाट दाखविणारें यंत्र आम्ही कां चिकटविलें, असा प्रश्न आमच्या तीर्थरूपांनीं पहिल्याच दिवशीं केला, आणि त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस कित्येक महिने देतां आलें नाहीं.

यंत्र वीतभरहि नाहीं. रबरी वाटीनें तें कांचेस चिकटतें, व खानदेशच्या वैशाखांत वाटी सैल होऊन खालीं पडतें. त्याची विद्या मात्र थोर! सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकीं निदान चारांचे संदेश तें ऐकतें, प्रत्येकास येण्यास किती काळ लागला यावरून अंतरें काढतें, आणि आपलें स्थान ठरवितें. स्वतः आकाशाकडे एक अक्षरहि पाठवीत नाहीं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचें सरकार नागरिकांसाठीं असलेल्या संदेशांत मुद्दाम थोडी चूक मिसळीत असे. ती थांबल्यावर असलीं यंत्रें मोटारींत अधिक भरंवशाचीं झालीं.

परंतु स्थान आकाशांतून येतें आणि नकाशा यंत्राच्या पोटांत असतो, ही यांतील गोम आहे. आमच्याकडील राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक पूर्वीं ६ होता, तो २०१० च्या फेररचनेंत ५३ झाला. आमचें यंत्र अद्यापि ६ च म्हणतें. रस्ता चौपदरी होऊन नव्या वळणांनीं जाऊं लागला, तेव्हां पडद्यावरील आमची मोटार खुशाल शेतांतून धांवूं लागली.

तीर्थरूपांची हयात वीजकेंद्राच्या पाळ्यांत गेली. सुटीच्या दिवशीं सायकलीवरून त्यांनीं यावल-रावेरपर्यंतचा मुलूख पालथा घातला होता. मोटारींत ते पुढें बसत व वाट सांगत. अडेल तेथें पारावरच्या मंडळींस विचारीत. विचारणें म्हणजे नुसती वाट पुसणें नव्हे. आपण कोणाचे कोण, पाऊस किती झाला, केळीला भाव काय, हें सर्व होऊन मग "हें काय, पुढेंच," असें उत्तर मिळे. यंत्र आलें आणि ते मागच्या बैठकीवर जाऊन बसले. कोणीं तसें सांगितलें नव्हतें, म्हणूनच तें आम्हांस अधिक बोंचे.

पुढें त्यांची दृष्टि मंदावली. पाट्या दिसेनात, धुराडींहि दिसेनात. एकदां आम्ही यंत्र बंद करूं लागलों, तों मागून आवाज आला, "राहूं दे रे तिला. कोठें आलों तें तरी कळतें."

तेव्हांपासून ते पुन्हां पुढें बसतात. यंत्रांतील बाई इंग्रजी वळणानें 'मुक्ताईनगर' या नांवाचा पार चुथडा करते; हे तिला दर वेळीं शुद्ध उच्चार ऐकवितात, वर "मूळचें एदलाबाद," अशी पुस्तीहि जोडतात.

चिरंजीव म्हणतात, भ्रमणध्वनींत याहून शहाणा नकाशा असतां हें खोकें कशाला? त्यांचें म्हणणें खरें आहे. पण तो शहाणा नकाशा नव्या रस्त्यानें गांवें टाळून नेतो. खोक्यांतील शिळा रस्ता आणि तीर्थरूपांच्या मनांतील रस्ता अजून एकच आहे. गेल्या पंधरवड्यांत चौपदरी रस्त्यावर बाई गोंधळून गप्प झाली. तीर्थरूप क्षणभर थांबून म्हणाले, "वरणगांव मागें पडलें वाटतें."

पडलें होतें.