सायकल उंट की शेळी?

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीबाहेर एक म्हातारे चाचा आपली सायकल शोधत होते. पायरी उतरले, भिंतीजवळ गेले आणि थांबले. सायकल तिथे नव्हती. ओरडले वगैरे काही नाहीत. दोन पावलं पुढे गेले, दोन मागे आले, पुन्हा त्याच जागी उभे राहिले. मग कुर्त्याचा खिसा चाचपला, जणू सायकल खिशात राहिली असावी.

कोपऱ्यावरून हसण्याचा आवाज आला म्हणून मी तिकडे गेलो. दोन पोरं, नववी-दहावीतली. सायकल त्यांनीच पलीकडच्या बोळात नेऊन ठेवली होती. मी रागावलो तर मोठा म्हणाला, "चाचा, ताला खुल्लाच था. चाबी भी लगी हुई. आज हम थे, कल चोर रहता तो? उनको सबक सिखा रहे थे."

सायकल परत आणवली, चाचा घेऊन गेले. पण त्या पोराला द्यायला मला उत्तर सुचलं नाही, कारण चौतीस वर्षांपूर्वी याच गावात अगदी हाच युक्तिवाद मी स्वतः केला होता.

ज्यांनी जुन्या सायकली वापरल्या नाहीत त्यांच्यासाठी आधी कुलपाबद्दल सांगतो. मागच्या चाकाच्या वर घोड्याच्या नालेसारखं एक कुलूप बसवलेलं असायचं. खटका दाबला की दांडी तारांमधून पलीकडे जायची आणि किल्ली काढून घेता यायची. कुलूप उघडं असेल तर किल्ली त्यातच अडकून राहायची. हे कुलूप म्हणजे एक सभ्य विनंती होती. आत स्प्रिंग आणि दोन-चार पत्र्याचे तुकडे. किल्ल्यांचे नमुनेही मोजकेच. त्यामुळे एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागणं ही रोजची गोष्ट होती. कुलूप जुनं झालं की बहुतेक कुठलीही किल्ली थोडी वर-खाली करून चालायची.

आमच्या सोयगावात ज्या चाचांच्या दुकानात आम्ही तासावर सायकल भाड्याने घ्यायचो, त्यांच्याकडे अशा किल्ल्यांचा मोठा झुबका होता. कुणाची किल्ली हरवली की तो माणूस मागचं चाक उचलून सायकल ओढत दुकानात आणायचा. चाचा लगेच कुलूप उघडत नसत. आधी विचारायचे, "चेनकव्हर पे क्या लिखा है? सीट के नीचे कपडा कौनसे रंग का है?" सायकलकडे पाठ करून उत्तर द्यायचं. आम्हाला ते नाटक वाटायचं. गावातला माणूस, ओळखीचा चेहरा, आणि हे काय विचारतात!

मला सापडलेली किल्ली मात्र कुणाला काही विचारत नव्हती. आमच्या घरच्या सायकलची ती किल्ली अब्बांच्या मित्राच्या सायकलला लागली, मग शाळेतल्या एका सरांच्या सायकलला लागली. आम्ही तिघं मित्र बाजाराच्या दिवशी रांगेत उभ्या सायकलींना ती लावून बघायचो. ज्यांचं कुलूप लागलेलंच नसे त्यांच्यासाठी किल्लीचीही गरज नव्हती. सायकल उचलायची आणि वीस-पंचवीस पावलांवर निंबाच्या झाडामागे नेऊन लावायची. चोरायची नाही, हा आमचा नियम. एक वस्तू कधी घरी नेली नाही. आम्ही लोकांना शहाणं करत होतो.

१९९१ ची दिवाळीच्या आसपासची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस. सातपुड्याकडून मजुरांची कुटुंबं आली होती, गावाबाहेर त्यांच्या पालांची रांग लागलेली. बाजाराच्या दिवशी आम्ही एक सायकल हलवली. वेताळवाडीच्या बाजूने, डोंगराकडून आलेला माणूस असावा. कॅरिअरला सीताफळांची गोणी बांधलेली. कुलूप नावाला होतं.

तो परत आला तेव्हा आम्ही चहाच्या टपरीशी उभे राहून बघत होतो. पहिली दोन मिनिटं मजा आली. मग त्याने मोठ्याने विचारायला सुरुवात केली. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, तो पोरगा मघापासून इथेच घुटमळत होता. पालावरचा एक मुलगा, आमच्याच वयाचा, हातात मिठाची पुडी. त्याला मराठी नीट येत नव्हती. विचारलेलं त्याला कळलं की नाही देव जाणे, तो नुसता मान हलवत राहिला. त्याला दोन थोबाडीत बसल्या. मारणारा सायकलवाला नव्हता, गर्दीतलाच कुणीतरी होता. कुणाचं काही हरवलं की नजर आधी कुठे वळते, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी काय समजावून सांगू!

आमच्यातला एक जण झाडामागे पळाला आणि ओरडला, "इथे आहे, इथे आहे!" सायकलवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने गोणी सोडली आणि आम्हाला प्रत्येकी दोन-दोन सीताफळं दिली. "पोरं चांगली आहेत," असं म्हणाला.

आम्ही ती खाल्ली. तो मुलगा उभा राहून बघत होता.

वेचणी संपली, पालं उठली. पुढे मी दीन थोडाफार वाचायला लागलो तेव्हा समजलं की अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क वेगळे असतात. रोजा चुकला, नमाज चुकली तर तौबा करता येते. माणसाचा हक्क मारला असेल तर माफी त्या माणसाकडूनच मिळवावी लागते. तो मुलगा आता माझ्याएवढाच, पन्नाशीला टेकलेला असेल. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे सायकलीच्या कुलपाचा विषय निघाला की कुणीतरी उंटाची हदीस सांगतंच: आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव. तिरमिजीत आहे, खरी आणि छान आहे. पण ती उंटाच्या मालकाला सांगितलेली आहे. न बांधलेला उंट बघणाऱ्या तिसऱ्या माणसाला सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. ती बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, पण फारशी सांगितली जात नाही.

एका माणसाने पैगंबरांना (स.) सापडलेल्या वस्तूंबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं की पिशवी कशी आहे, तिचं तोंड कशाने बांधलंय हे नीट ओळखून ठेव, वर्षभर पुकारा कर. खूण सांगणारा आला तर त्याला दे. (हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सायकलवाले चाचा डोळ्यांपुढे आले. सीटखालच्या कपड्याचा रंग!) मग त्या माणसाने भरकटलेल्या शेळीबद्दल विचारलं. उत्तर असं की ती घे, नाहीतर लांडगा नेईल. आणि उंट? यावर त्यांचा चेहरा लाल झाला. उंटाशी तुझा काय संबंध, अशा अर्थाचं ते बोलले. त्याच्याकडे त्याचं पाणी आहे, त्याचे पाय आहेत. मालक येईपर्यंत त्याला राहू दे.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. सायकल उंट आहे की शेळी? ती एका जागी उभी आहे, तिला भूक लागत नाही, आणि मालकाला एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे: आपण ती कुठे लावली. कुलूप कच्चं असेल, किल्ली विसरली असेल, पण ती जागा त्याच्या डोक्यात आहे. आम्ही सायकल हलवायचो तेव्हा कुलपातला दोष दाखवत नव्हतो, त्याच्याकडची ती एकमेव माहिती खोटी पाडत होतो. अबू दाऊदमध्ये प्रवासातला एक प्रसंग आहे. एक सोबती झोपला होता, दुसऱ्यांनी गमतीत त्याच्याजवळची दोरी घेतली आणि तो दचकला. तिथे मनाई झाली ती दचकवण्याला. दोरी गेली की राहिली, हा मुद्दाच नव्हता.

मात्र काळ बदलतो, हेही खरं. हजरत उमर यांच्या काळात मोकाट उंटांना कुणी हात लावत नसे, असं इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. हजरत उस्मान यांच्या काळात ते पकडून, पुकारा करून विकण्याचा हुकूम झाला. मालक आला की किंमत त्याला द्यायची. उंट तेच, माणसं बदलली होती. पण हे काम राज्यकर्त्याने केलं, उघडपणे केलं आणि हिशेब ठेवून केलं. टपरीमागे उभ्या राहिलेल्या तीन पोरांनी नव्हे. राज्यकर्तेही कधी कधी गमती करतात म्हणा. १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये प्रोवो नावाच्या तरुणांच्या गटाने सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण विनाकुलूप सायकल ठेवणं नियमाविरुद्ध होतं. मग त्या पोरांनी आकड्यांची कुलपं लावली आणि उघडायचा आकडा सायकलवरच रंगवून टाकला!

आपल्या कायद्यातही "थोड्या वेळासाठी घेतली होती" ही सबब चालत नाही. प्यारेलाल भार्गव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हेच सांगितलं. ते प्रकरण एका सरकारी फायलीचं होतं. फाइल बाहेर नेली, दुसऱ्या दिवशी परत आली, तरी ती चोरीच ठरली. अर्थात चोरीसाठी लबाडीचा हेतू लागतो, आणि आमच्या गमतीत तो होता का यावर एखादा वकील भांडेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर पाच हजारांच्या आतली चोरी पहिल्यांदाच केलेल्याने वस्तू परत दिली की समाजसेवेची शिक्षा आहे. वाचून वाटलं, आमच्या वेळी असती तर बरं झालं असतं. पालांवर जाऊन पाणी भरलं असतं.

मग उघडी सायकल दिसली तर नुसतं बघत पुढे जायचं का? मी तेही करून पाहिलंय, आणि उलटंही. दोनेक वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर कुलपात किल्ली तशीच ठेवलेली एक सायकल दिसली. मोठ्या पुण्याईच्या भावनेने मी खटका दाबला, किल्ली काढून शेजारच्या चहावाल्याकडे दिली आणि जळगावच्या गाडीत बसलो. संध्याकाळी परतलो तर चहावाला मलाच शोधत होता. तो मध्ये तासभर जेवायला घरी गेला होता, किल्ली खिशात घेऊन. तेवढ्यात मालक आला, कुणालाच काही माहीत नाही, आणि बिचारा मागचं चाक उचलून सायकल घरापर्यंत ढकलत गेला. सापडलेली वस्तू उचलताना एक-दोन भल्या माणसांना साक्षीला ठेवा, असं एका हदीसमध्ये आहे. मी साक्षीदार ठेवला, स्वतः मात्र निघून गेलो. हात लावायचा तर मालक येईपर्यंत थांबायची तयारी हवी. गाडी चुकली तरी.

कुलूप कच्चं आहे हे समजलेल्याने काय करावं, याचा चांगला नमुना २००४ साली अमेरिकेत दिसला. गोल किल्लीची महागडी सायकल-कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे एका सायकलस्वाराने जाहीर केलं. त्याने ते आधी स्वतःच्या कुलपावर करून पाहिलं होतं. क्रिप्टोनाइट कंपनीला लोकांची कुलपं बदलून द्यावी लागली. माझ्या भाचीला मानव विकासच्या योजनेतून सायकल मिळाली तेव्हा हे आठवलं. तिच्या शाळेतल्या बऱ्याच मुलींच्या सायकली एकसारख्या. एके दिवशी ती दुसरीच सायकल घरी घेऊन आली, कारण किल्ली लागली! मडगार्डवरचं नाव वाचून आपाच्या लक्षात आलं. ती तशीच त्या मुलीच्या गावी गेली. ती पोर दारात बसून रडत होती; सरकारी सायकल हरवली म्हणून आता पैसे भरावे लागतील, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आपाने शाळेत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की किल्ल्या एकमेकींना लागतात, साखळ्या घ्या.

राहता राहिले मशिदीबाहेरचे चाचा. परवा बाजारात भेटले. म्हटलं, चाचा, ताला लावत जा, पोरं वाईट आहेत. त्यांनी हात पुढे केला. बोटं सांध्यांत वाकलेली, थरथरणारी.

"लगता तो है बेटा," ते म्हणाले. "खुलता नै. चाबी घुमती नै मेरे से. हर बार किसको बुलाऊं?"