पाचारण

काही शब्द एखाद्या समाजाच्या घरात जपून ठेवलेले असतात. ‘पाचारण’ हा आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांचा तसा शब्द आहे. इतरत्र तो उरला आहे तो मुख्यतः वर्तमानपत्रांत. दंगल झाली की राखीव दलाला पाचारण केले जाते, विहिरीत बिबट्या पडला की वनखात्याला. आमच्याकडे पाचारण करणारा देव असतो, आणि ज्याला ते होते तो एखादा शाळकरी मुलगा किंवा नुकतीच दहावी झालेली मुलगी असते. इतर घरांत ‘पुढे काय करणार?’ असे जितक्या सहजपणे विचारतात, तितक्याच सहजपणे आमच्या मंडळीत ‘तुला पाचारण झाले आहे का?’ असे विचारले जाते. खरे पाहता दोन्ही प्रश्न एकच आहेत. परंतु दुसऱ्याचे उत्तर देताना जीभ जड होते. तेथे आपली आवड सांगून भागत नाही. ती कोणी दिली आणि कशासाठी दिली, हेही सांगावे लागते.

माझे गाव पन्हाळ्याच्या पायथ्याचे. गडावर शाळांच्या सहली येतात त्या १६६० च्या वेढ्याची गोष्ट ऐकण्यासाठी. मुले बाजीप्रभूंच्या पुतळ्याखाली उभी राहतात, तीन दरवाजाची शिल्पे पाहतात, अंबरखान्याच्या प्रचंड कोठारांत आवाज घुमवून बघतात आणि सज्जा कोठीवरून खालची दरी पाहून गप्प होतात. या गडाच्या परिसरात एक दुसरा, लहानसा इतिहासही आहे. तो सहलीच्या वाटेवर येत नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी पत्नीसह कोल्हापुरास आले. त्यांनी शाळा काढल्या. पुढे हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज अशी त्याची ठाणी झाली. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांची मुळे त्या ठाण्यांत आहेत. माझी आजी त्यांपैकीच एका ठाण्याजवळ प्रौढपणी अक्षरे शिकली. शाळेसाठी नव्हे, पवित्र शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा तिला कंटाळा आला होता म्हणून.

या वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. त्याचे नाव जगातल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळींच्या इतिहासात आहे, पण कोल्हापुरात ते फारसे कोणाला ठाऊक नाही. प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना परदेशी सेवेला वाहून घेणारे विद्यार्थी जमवण्याचा ध्यास त्याने घेतला. त्याची बहीण ग्रेस या कामासाठी त्याच्याबरोबर प्रार्थनेस बसे. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसेच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे महाविद्यालयीन तरुण एकत्र आले, आणि ते शिबिर संपेपर्यंत त्यांपैकी शंभर जणांनी आपले आयुष्य देऊ केले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने पुढे हजारो तरुणांना आशिया-आफ्रिकेत धाडले. (त्या पाठवणीबरोबर साम्राज्याचा वाराही आला, हे मला पुढे इतिहास वाचताना कळले. पण त्या शंभर जणांच्या मनात तो होता असे मला वाटत नाही.)

ही हकीकत मी प्रथम ऐकली ती पन्हाळ्यावरच, मे महिन्यातल्या तरुण संघाच्या शिबिरात. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. वक्ते चांगले बोलले. कोल्हापूरच्या मातीत जन्मलेला एक मुलगा जगाला हलवतो, तर तुम्ही का नाही, असे त्यांनी विचारले. मग दिवे मंद झाले, ‘उपासना संगीता’तले एक गीत हळू आवाजात सुरू झाले, आणि ज्यांना पाचारण झाल्याची खात्री आहे त्यांनी उभे राहावे असे सांगण्यात आले. माझ्या ओळीतली मुले-मुली एकामागून एक उभी राहिली. मी बसून राहिले. मला काही ऐकू आले नव्हते. ऐकू आले असे भासवून उभे राहणे मला देवाशी अप्रामाणिकपणाचे वाटले, आणि आजही वाटते.

घरी ही बातमी माझ्या आधी पोचली. आई रागावली नाही. ती फक्त दोन दिवस कमी बोलली. तिच्या मनात मिरज होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयाने आमच्या तीन पिढ्यांना परिचारिकेचा पांढरा पोशाख दाखवला होता, आणि आमच्या समाजात मुलीच्या पाचारणाचा रंग तोच असे मानले जाई. मावशी परिचारिका होती, आतेबहीण होती. मला मात्र रक्त पाहिले की घाम फुटे. हे कारण इतके क्षुल्लक होते की ते कोणापुढे ठेवण्याचीही लाज वाटे.

या दिवसांत मी शमुवेलाची गोष्ट पुनःपुन्हा वाचत असे. मंदिरात निजलेल्या मुलाला रात्री हाक येते. तो उठून वृद्ध याजक एलीकडे धावतो, ‘तुम्ही मला बोलावलेत’ म्हणतो. एली म्हणतो, मी नाही बोलावले, जा, नीज. असे तीनदा होते. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट आज्ञाधारकपणाची म्हणून शिकवतात. मला तीत दुसरेच काही दिसू लागले. शमुवेल तीनही वेळा चुकीच्या माणसाकडे गेला, कारण देवाचा आवाज त्याला ओळखीच्या माणसाच्या आवाजासारखा ऐकू आला. तो आकाशातून गडगडत आला असता तर मुलगा एलीच्या अंथरुणाशी गेलाच नसता.

मी त्या वेळी गावातल्या दूध संस्थेत लेखनिकाचे काम करत होते. पहाटे आणि संध्याकाळी संकलन होई. बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहत. दुधाचे माप, फॅट आणि रक्कम मी वहीत मांडायची, आणि दर दहा दिवसांनी पैशांच्या वाटपाला त्यांच्या सह्या घ्यायच्या. सह्या म्हणजे बहुधा अंगठेच. शेण, माती आणि खुरप्याने त्या अंगठ्यांवरच्या रेषा इतक्या झिजलेल्या असत की शाई लावूनही ठसा नीट उमटत नसे. एका संध्याकाळी रांगेतल्या एका मावशीने अंगठा लुगड्याला पुसता पुसता माझ्या वहीत डोकावून विचारले, ‘ह्यात माझं नाव कुठलं गं? कसं दिसतंय त्ये तरी दाव की.’

मी बोट ठेवून दाखवले. तिने बराच वेळ पाहिले. मागची रांग खोळंबली, कोणीतरी ओरडले. ती म्हणाली, ‘एवढंसंच हाय व्हय?’ आणि गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिले तर ते नाटकी होईल. झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी भांगलण करताना मी मनातल्या मनात तिचे नाव कोणत्या क्रमाने शिकवता येईल याचा विचार करत होते. काना आधी की वेलांटी? सरळ रेघ की गोलाई? तिसऱ्या दिवशीही तेच. ज्या गोष्टीचा विचार करण्यासाठी मनाला ढकलावे लागत नाही, तिच्याकडे एकदा नीट पाहावे, एवढे मला कळले. इंग्रजीत ज्याला पॅशन म्हणतात त्यासाठी मराठीत आवड, छंद, वेड असे पुष्कळ शब्द आहेत. मला त्यांतला ‘ध्यास’ हा खरा वाटतो, कारण त्यात ‘ध्यान’ ऐकू येते.

साक्षरता अभियानाचे ते दिवस होते. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले होते आणि गावोगाव स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिले. दूध संकलन आटोपल्यावर संस्थेच्याच ओट्यावर वर्ग भरे. आठ बायका आल्या, मग चौदा, मग सुगी आली की चार. सगळ्या हिंदू आणि मुसलमान घरांतल्या. आमच्या मंडळीतल्या बायका बहुतेक शिकलेल्या होत्या, हे त्या जुन्या शाळांचे देणे. त्यांना मला ‘बाई’ म्हणायचे होते. मी वयाने लहान, मी त्यांना मावशी, काकू, वहिनी म्हणे. पाटीवर पहिले अक्षर प्रत्येकीच्या नावाचे. कोणी ‘अ’पासून सुरुवात केली नाही. चाळीस वर्षे जिने कोणाला आपले नाव लिहून दाखवले नाही, तिला अननसाशी काय देणेघेणे?

मंडळीत याचे कौतुक झाले. मग एका रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन प्रेमाने विचारले, ‘वर्गात वचन सांगतेस ना? किती जणी प्रभूकडे वळल्या?’ मी म्हणाले, ‘काका, नऊ जणी सही करायला लागल्या.’ ते हसले, पण त्यांना ते उत्तर पुरेसे वाटले नाही. त्यांचा प्रश्न दुष्ट नव्हता. ज्या श्रद्धेने त्यांच्या वडिलांना माणूस म्हणून उभे केले, ती दुसऱ्याला द्यावी असे त्यांना वाटणे मी समजू शकत होते. पण त्या बायका माझ्याकडे अक्षरे घ्यायला येत होत्या. अक्षरांच्या पिशवीत मी आणखी काही न सांगता घातले असते, तर ओट्यावर मांडी घालून बसलेल्या त्या चौदा जणींच्या विश्वासाचे काय झाले असते? त्यांना माझा धर्म ठाऊक होता. नाताळात त्या माझ्या घरी करंज्या खाऊन जात. त्यांपैकी कोणी विचारले असते तर मी सांगितले असते. विचारले नाही.

तरीही काकांचा प्रश्न मनातून जाईना. ज्या कामात देवाचे नाव घेतले जात नाही, ते देवाने दिलेले काम असू शकते का? सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हाच प्रश्न हाती घेतला होता. पाचारण मठवासी आणि धर्मगुरूंनाच होते या समजुतीविरुद्ध त्याने ठामपणे सांगितले, की शेतकऱ्याला, मोलकरणीला, मूल सांभाळणाऱ्या बापालाही त्यांच्या कामातच ते होत असते. मराठी माणसाला यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. अरणचा सावता माळी पंढरीला न जाता मळ्यातच विठ्ठलाला भेटला, ही कथा माझ्या वर्गातल्या बायकांना तोंडपाठ होती. मी ल्यूथरचे सांगितले असते तर त्या म्हणाल्या असत्या, ‘त्यात नवीन काय?’

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहताना मला असेच काहीसे दिसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पण ते कवी त्याआधीपासून होते. देवाने त्यांना नवे वेड दिले नाही. जे होते त्यालाच नवी दिशा मिळाली, आणि ओवी-अभंगाशी नाते तोडण्याची गरज त्यांना वाटली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे शिक्षण बेताचेच. जोडाक्षरे त्यांना जड जात असे सांगतात. त्यांनीच पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. मराठी गद्यात इतके निर्भय हसणारे पुस्तक दुसरे मला आठवत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. ते छापले तिथल्याच बायकांनी, ज्यांना समाजाने टाकून दिले होते. खिळे जुळवणारी ती मुलगी आणि भाषांतर करणाऱ्या रमाबाई, यांत पाचारण कोणाला झाले होते? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. पण तो विचारल्यावाचून राहवत नाही.

आजीला मी एकदा सरळ विचारले होते. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. म्हणाली, ‘मला ज्या बाईनं अक्षरं शिकवली, तिनं मला आधी शास्त्र दिलं नव्हतं. आधी पाटी दिली. शास्त्र मी नंतर मागून घेतलं.’ मग थोड्या वेळाने, ‘तुझ्या त्या बायका काय मागून घेत्यात, ते बघ.’

पुढच्या हिवाळ्यात आम्ही वर्गातल्या सहा जणी गडावर गेलो. वाटेतली प्रत्येक पाटी वाचायची, असा पण होता. एस. टी.च्या फलकापासून सुरुवात झाली. ‘तीन दरवाजा’ सहज सुटले, ‘अंबरखाना’ला अनुस्वाराने थोडे अडवले, ‘सज्जा कोठी’तले जोडाक्षर दोघींनी मिळून फोडले. मोरोपंतांच्या नावाच्या ग्रंथालयापाशी ती पहिली मावशी थांबली, जिने रांगेत आपले नाव पाहून ‘एवढंसंच’ म्हटले होते. एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवत तिने ‘मोरोपंत’ वाचले आणि विचारले, ‘हे कोण?’

मी सांगितले: मोठे कवी, १७२९ साली इथेच, या गडावर जन्मले, पुढे बारामतीला राहिले. आर्या लिहिल्या, सबंध महाभारत आर्यांत आणले.

‘आपल्याच गडावरचं,’ ती म्हणाली. ‘मग त्यांचं वाचून दाव की.’

मी आत जाऊन पुस्तक मागितले. पहिली आर्या काढली. समास एकमेकांत गुंतलेले, संस्कृत शब्द दाटीवाटीने बसलेले. दोन ओळी वाचल्या आणि अर्थ सांगताना मी अडखळले. मी म्हणाले, ‘मावशी, हे मलाच नीट येत नाही.’

‘मग शीक की,’ ती म्हणाली. ‘आम्ही न्हाई शिकलो?’

त्या वर्षी मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात मी विशेष विषयाच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिले. आईने तो अर्ज वाचला. सही कुठे करायची ते विचारले, आणि पालकाच्या सहीची गरज नाही म्हटल्यावरही खाली, समासात, बारीक अक्षरांत आपले नाव लिहून ठेवले.