सरवा, काटक्या आणि ससा

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टनला पोहोचलं की शेतांमधली काटेरी कुंपणं एकाएकी विरळ होतात. तीन मोठी शिवारं, त्यांत वेगवेगळ्या कुळांच्या लांबट पट्ट्या आणि नांगराचा फाळ हद्दीबाहेर घालणाऱ्याला दंड करणारे गावचे पंच, हे सगळं इथे अजून चालू आहे. इतर शेकडो खेड्यांत १७५० ते १८५० दरम्यान संसदेने कायदे करून गायरानं खाजगी केली. मजुराच्या गाईचा चारा गेला, चुलीचं जळण गेलं. एकोणिसाव्या शतकात मजुरांवर चोरीचे जे खटले भरले गेले, त्यांतल्या कित्येकांत मुद्देमाल म्हणजे कुंपणातल्या काटक्या, चार सलगम किंवा एखादा ससा. माझ्या मते यातली बरीचशी चोरी कायद्यानेच जन्माला घातली. सुगीनंतर सरवा वेचणं हा गोरगरिबांचा हक्क नाही, असा निकाल सफोकमधल्या टिमवर्थच्या खटल्यात १७८८ मध्येच लागला होता. तरी बायकापोरं सरवा वेचत राहिली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वेचू दिला; वहिवाट निकालापेक्षा चिवट होती.

लॅक्स्टनहून साउथवेल जवळच आहे. तिथे जुन्या तुरुंगाचा दरवाजा उभा आहे आणि गावाबाहेर १८२४ चं लाल विटांचं वर्कहाउस, म्हणजे निराधारांचं आश्रयगृह. दोन्हींच्या उभारणीमागे जॉन बेचर हा एकच माणूस, पाद्रीही आणि दंडाधिकारीही. वर्कहाउसमध्ये आसरा मागणाऱ्या कुटुंबातले नवरा, बायको आणि मुलं वेगवेगळी ठेवली जात. १८३४ च्या गरीब कायद्याने हाच नमुना देशभर नेला. डॉर्सेटमधल्या टॉलपडलच्या मजुरांची आठवड्याची मजुरी तेव्हा ९ शिलिंगांवरून ७ वर आली होती. एवढ्यात घर चालवायचं, नाहीतर वर्कहाउसमध्ये ताटातूट सोसायची. अशा माणसाने रात्री फासे लावले तर नवल नाही.

यावर आक्षेप असा की मजूर एकमेकांच्या परसातल्या कोंबड्याही पळवत आणि शिकार चोरणाऱ्या टोळ्या शहरांच्या बाजारांत माल विकत. दोन्ही खरं आहे, आणि शेजाऱ्याची कोंबडी चोरणाऱ्याची मी वकिली करणार नाही. पण कायद्याने टोळी आणि भुकेला माणूस यांत पुरेसा फरक केला नाही. १८२८ च्या कायद्यानुसार रात्री ससा धरताना पहिल्यांदा सापडणाऱ्यालाही तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होई, तिसऱ्यांदा सापडल्यास सात वर्षांची हद्दपारी. १८६२ पासून तर नुसत्या संशयावरून पोलीस भर रस्त्यात मजुराची झडती घेऊ लागले.