भेट आलेले गाणे

नाताळ जवळ आला की दुकानादुकानांतून त्याच त्या चाली कानांवर पडू लागतात. पण काही गाणी बाजारासाठी जन्मालाच येत नाहीत. अमेरिकन गायक सूफ्यान स्टीव्हन्स यांनी २००१ साली नाताळची काही गाणी स्वतःच ध्वनिमुद्रित करून आप्तेष्टांना भेट दिली. पुढेही ही प्रथा चालू राहिली. २००६ साली अशी ४२ गाणी संचरूपाने सर्वांसाठी आली.

२००७ साली त्यांनी एक अनोखी स्पर्धा ठेवली. नाताळवर गाणे रचून पाठवायचे. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून त्यांचे एक नवे, कुणीही न ऐकलेले गाणे, तेही सर्व हक्कांसह! बक्षीस मिळाले न्यूयॉर्कचे नाट्यदिग्दर्शक अॅलेक डफी यांना.

ते गाणे विकता आले असते किंवा इंटरनेटवरून जगाला फुकट वाटता आले असते. डफींनी दोन्ही टाळले. ज्याला ऐकायचे असेल त्याने घरी यावे, चहा-बिस्किटे घ्यावीत आणि शांतपणे ऐकावे. हा हट्टीपणा नव्हे काय, असे कुणालाही वाटेल. पण घरी आलेला माणूस ते गाणे खरोखर ऐकत असे. अखेर २०१८ साली ते प्रसिद्ध झाले.

आज अपरिचित कलावंतांची कितीतरी नाताळगीते विनामूल्य डाउनलोड करता येतात. शेकडो साठवायची आणि एकही धड ऐकायचे नाही, असेही घडते. फुकट मिळालेल्या गाण्याचेही मोल द्यावेच लागते. ते असते चार निवांत मिनिटांचे.